पडद्याची मोटर आणि दामूअण्णांचा हात

लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून दिली, "हे इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल बनवतात," की समोरचा माणूस क्षणभर आदरानं बघतो आणि मग जवळ सरकून विचारतो, "आमच्या मिक्सरचं जरा बघाल का?" मी बघतो. नाही कसं म्हणणार? हिच्या मावशीच्या साठीला पंगत बसली आणि कार्यालयातला पंखा बंद पडला. मी शिडीवर चढलो तो पंगत उठेपर्यंत खाली आलोच नाही. जिलब्या मला वर पोचवण्यात आल्या.

तेव्हा आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे मिक्सर आणू नका.

कंट्रोल पॅनल म्हणजे एक लोखंडी पेटी. आत रिले, फ्यूज, टायमर आणि रंगीत वायरींची वेणी. बाहेर दोन-तीन बटणं. बटण दाबणाऱ्याला आत काय चाललंय याचा पत्ता लागू नये, यातच आमचं यश. त्यामुळे यश आलं की आम्हाला कुणी ओळखत नाही आणि पेटी बंद पडली की शेंबडं पोरही ओळखतं. त्या पेटीतला महत्त्वाचा प्राणी म्हणजे रिले. सासरेबुवांनी बैठकीतून हळू आवाजात "चहा" म्हणावं आणि आत मोठं आधण चढावं, तसं त्याचं काम. बटणातून आलेली जराशी वीज रिलेतल्या तारेच्या गुंडाळीला मिळते, गुंडाळीचं लोहचुंबक होतं, ते एक पट्टी ओढून घेतं आणि पट्टीच्या टोकावरचे धातूचे दोन ठिपके एकमेकांना टेकून मोटरची मोठी वीज चालू करतात. या ठिपक्यांना आम्ही पॉइंट म्हणतो. त्यांचं व्रत एकच: सांगितलं की टेकायचं, सांगितलं की सुटायचं. टेकले आणि सुटलेच नाहीत तर तो रिले मेला.

काही मोटरींना दोन्हीकडे फिरावं लागतं. दुकानाचं शटर घ्या, क्रेनचा हूक घ्या. अशा मोटरीला दोन रिले लागतात, एक सुलट दिशेचा, एक उलट दिशेचा. एक आत असला की दुसऱ्याला दाराला कडी, ही सोय करावी लागते. तिला इंटरलॉक म्हणतात. बस्स, एवढंच. माझ्या आयुष्याची भाकरी या एवढ्यावर भाजली गेली.

गिऱ्हाइकं मात्र एकेक. पादरा गावातल्या डाळमिलचे शेठ रोज सकाळी माझ्या पॅनलला उदबत्ती ओवाळून ती पेटीच्या जाळीत खोचायचे. धुराची काजळी आत जाऊन रिलेवर बसायची. "शेठ, उदबत्ती बाहेर लावा," म्हटलं तर म्हणाले, "पण भगवान तो अंदर छे ने!" नंदेसरीला एका रंगाच्या कारखान्यात हवाच अशी की तांब्याची तार हिरवी पडायची आणि माझा शर्ट जांभळा. तिथून आलो की ही मला दारातच अडवायची. पण मला सगळ्यांत जास्त जर कुणी छळलं असेल, तर ते कुठल्या कारखान्यानं नव्हे. आमच्याच मंडळाच्या नाटकाच्या पडद्यानं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बडोद्याच्या भोवती नवे कारखाने उठत होते, जुन्यांना नवी यंत्रं हवी होती. मला वाटलं, हीच वेळ. एका मोठ्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडली आणि वासणा भागातल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये पॅनल जुळवायला लागलो. स्कूटर बाहेर पावसात आली, ड्रिलमशीन आत गेलं. माझे सासरे, नाना, कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या आजोबांनी संस्थानच्या दफ्तरात नोकरी केलेली. त्या घराण्यात कुणी कधी काही विकलं नव्हतं. पस्तीवाल्याला रद्दीसुद्धा "घेऊन जा बाबा" म्हणून द्यायचे. माझी बातमी ऐकून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "जावईबापू, धंदा करा. पण आपल्या माणसांत करू नका. परक्यांत पैसे बुडतात, आपल्यांत नाव बुडतं."

मी लगेच जाऊन आपल्या माणसांत काम घेतलं.

नाना मराठी मंडळाचे कार्यवाह. मंडळाचं स्वतःचं छोटं नाट्यगृह होतं आणि त्याचा पडदा ओढायचे दामूअण्णा. अण्णा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, आवाज असा की विंगेत कुजबुजले तरी शेवटच्या रांगेत कळावं. तरुणपणापासून त्यांनी एकाही नाटकात काम केलं नव्हतं आणि एकही नाटक चुकवलं नव्हतं. उजव्या विंगेतलं एक स्टूल आणि पडद्याची दोरी, एवढं त्यांचं संस्थान. त्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी सांगितलं, वजन ओढायचं नाही. मखमलीचा तो पडदा म्हणजे पाण्यात भिजलेली म्हैस. कमिटीनं ठरवलं, आता दोन तरुण मुलं दोरी ओढतील, अण्णांनी पुढच्या रांगेत बसून मानानं नाटक बघावं.

मी नानांबरोबर भेटायला गेलो तेव्हा अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"पुढच्या रांगेत बसून काय करू मी?" ते म्हणाले. "मला नाटक बाजूनंच बघता येतं. समोरून पाहिलं तर खरं वाटतं आणि रडू येतं."

मी तिथल्या तिथे शब्द देऊन बसलो. मोटर लावू. अण्णांनी स्टुलावर बसायचं आणि बटण दाबायचं. उघडा, बंद, थांबा, अशी तीन बटणं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे फक्त पाहिलं.

पॅनल छान झालं होतं, हे आजही म्हणेन. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, तिला गिअरबॉक्स, दोन रिले, मध्ये इंटरलॉक, दोन्ही टोकांना लिमिट स्विच, म्हणजे पडदा टोकाला पोचला की मोटर आपोआप बंद. पहिल्या दिवशी पडदा असा सरकला की पडद्यालाच टाळ्या पडल्या. अण्णा बटणाकडे बघून म्हणाले, "याला वजनच नाही रे." मला ते कौतुक वाटलं.

मग गणपतीतलं नाटक आलं. मी त्या संध्याकाळी नंदेसरीला अडकलो होतो, त्यामुळे जे घडलं ते मला हिच्याकडून समजलं, आणि हिनं ते सांगताना जराही हातचं राखलं नाही. नाटकाच्या शेवटी नायक मरतो. नायक होते बँकेतले साठे. साठे मेले, पडदा पडला, टाळ्यांसाठी पुन्हा उघडला, आणि मग बंदच होईना. साठे पलंगावर मेलेले ते मेलेलेच. नायिका रडत होती, ती रडतच राहिली. नाटकातले वाक्यांपुरते अश्रू संपले तशी ती नुसतीच हुंदके द्यायला लागली. विंगेतून अण्णांचा 'हलका' आवाज साऱ्या थिएटरला ऐकू गेला, "अरे बंद हो ना, रांडेच्या!" शेवटी साठ्यांच्या नाकावर डास बसला. ते उठले, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि चप्पल शोधत निघून गेले.

"लोक काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, साठ्यांचं हे काम आजवरचं सगळ्यांत नैसर्गिक."

सकाळी जाऊन पॅनल उघडलं. 'उघडा' बाजूचा रिले चिकटला होता. पॉइंट वितळून एकजीव झालेले. त्यामुळे पडदा टोकाला पोचला, लिमिट स्विचनं 'सुटा' सांगितलं, तरी ते सुटले नाहीत आणि मोटर ओढतच राहिली, घुं घुं करत तापली आणि फ्यूज गेला. इंटरलॉकनंही आपलं काम चोख केलं: एक रिले आत अडकलाय म्हटल्यावर दुसऱ्याला कडी. म्हणून 'बंद' दाबून उपयोग नव्हता.

रिले खराब निघाला असेल, म्हणून नवा घातला. 'उघडा' दाबलं, पडदा उघडला. 'बंद' दाबलं, बंद झाला. हात दुखेपर्यंत करून पाहिलं. एकदाही चूक नाही.

पुढच्या नाटकाला तो मध्यंतरात अडकला. बदलला. त्याच्या पुढच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुण्यांना बाहेर यायला अण्णांनी पडदा हातभर उघडून 'थांबा' दाबलं, पाहुणे भाषणाला लागले, पण पडदा न थांबता त्यांच्या मागे उघडतच गेला आणि मागे सतरंजीवर बसून वडा खाणारे तबलजी जगाला दिसले. पुन्हा चिकटलेला रिले. पुन्हा वितळलेले पॉइंट.

मी चिडून बाजारात हर्षदभाईंच्या दुकानात गेलो. माझा सगळा माल त्यांच्याकडून यायचा. काउंटरवर मेलेले रिले ओतले. "हर्षदभाई, असला माल देता?"

त्यांनी एक रिले प्रकाशाला धरला. "मोहनभाई, आमां रिलेनो शुं वांक? तमे एने बाळी नाख्यो छे." यात रिलेचा काय दोष, तुम्हीच जाळलाय त्याला.

म्हणणं खोटं नव्हतं. पॉइंट वितळतात ते प्रमाणाबाहेर वीज गेली तरच. मग प्रमाणाबाहेर वीज जाते कधी? मोटर अडली तर. म्हणून गिअरबॉक्स उघडला, तेल बदललं. पडद्याच्या रुळावरची प्रत्येक चाकी पुसली. व्होल्टेज तपासलं. सगळे स्क्रू आवळले. मोठा रिले घातला. दर वेळी रिकाम्या थिएटरात पडदा शहाण्या मुलासारखा वागायचा आणि दर वेळी पाहुणे आले की अंगात यायचं. घरी आमची ही म्हणायची, "तुमच्यावरच गेलाय."

मी सगळ्यांना विचारलं होतं बरं का. नेमकं काय झालं, आधी काय केलं होतं? सगळ्यांचं उत्तर एकच. "काही नाही. नेहमीसारखा बंद केला, उघडला, आणि मग अडकला." बंद केला, उघडला. मीही तेच तर करून पाहत होतो!

मग कमिटीची मीटिंग झाली. एकांकिका स्पर्धा तोंडावर आली होती. अहमदाबाद, सुरत, इंदूरची मंडळं येणार होती. नानांनी कोणाकडे न बघता सांगितलं, "स्पर्धेला दोरी लावायची. यंत्राचे प्रयोग पुरे." कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, हे तर फार वाईट. पाहून हसले असते तर चाललं असतं.

अण्णा उठले. "दोरी लावणार असाल तर मी ओढणार."

"अण्णा, डॉक्टरांनी—"

"डॉक्टर नाटक बघायला येतो का? मेलो तर विंगेत मरेन, प्रेक्षकांना कळणारसुद्धा नाही. पण त्या पोरांच्या हातात माझी दोरी देऊन मी समोर बसणार नाही."

अण्णा थट्टा करत नव्हते. हे सगळ्यांना कळलं आणि मला जरा जास्त कळलं. दोरी परत आली तर अण्णांचा एकतर जीव जाणार, नाहीतर जागा. माझ्या गॅरेजचं नाव बुडायचं ते बुडालंच होतं. तबलजींचा वडा मांजलपूरपर्यंत पोचला होता. पण माझ्या शब्दावर एक माणूस पलंगावरून उठून स्टुलावर येऊन बसला होता. मी नानांना म्हटलं, "स्पर्धेआधी बालनाट्य आहे. तेवढं एक माझ्या पडद्यावर होऊ द्या. मी स्वतः विंगेत बसतो. नाही समजलं काय होतंय ते, तर मोटर मीच काढून नेईन."

नाना म्हणाले, "बालनाट्य. ठीक. पोरं हसतील, तेवढंच."

बालनाट्याच्या संध्याकाळी मी अण्णांच्या स्टुलाशेजारी खाली बसलो. पॅनलचं दार उघडं ठेवलं होतं. मोटरच्या वायरीला टाँग टेस्टर लावला होता. हे चिमट्यासारखं मीटर असतं, वायरीला नुसतं कवेत घेतलं तरी किती वीज वाहतेय ते काटा दाखवतो. नाटक सुरू झालं. पडदा उघडला, काटा जागेवर. मध्यंतर, काटा जागेवर. ससे आले, कोल्हा आला, एक ससा आईला पाहून रडायला लागला. मी काट्यावरून नजर काढली नाही. सगळं ठीक. इतकं ठीक की मला घाम फुटला. आज बिघडलं नाही तर मला काही कळणार नव्हतं, आणि बिघडलं तर सगळ्यांना कळणार होतं.

नाटक संपलं. सगळी मुलं रांगेत उभी राहिली. अण्णांनी 'बंद' दाबलं. पडदा निम्म्यावर आला आणि समोरून एकच गलका उठला.

"अण्णा, थांबा हो! फोटो!"

"अण्णा, आमची पिंकी मागे राहिली! पिंके, पुढे हो!"

"फ्लॅश नाही उडाला! उघडा, उघडा!"

आया, बाप, आत्या, सगळे कॅमेरे घेऊन स्टेजपाशी धावले होते. आमच्या मंडळात नट आणि प्रेक्षक यांच्यात परकं कुणी नसतंच. प्रत्येक सशाचं निदान अर्धं डझन माणूस खुर्चीत असतं. आणि अण्णांनी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांचा अंगठा 'बंद'वरून उठला तो थेट 'उघडा'वर. पडदा अजून मिटण्याच्या दिशेनं धावत होता. पॅनलमध्ये निळा लखलखाट झाला. टाँग टेस्टरचा काटा उडी मारून टोकाला आपटला. पडदा हिसका खाऊन उघडला.

"झालं? करू बंद?" अण्णांनी 'बंद' दाबलं.

"अण्णा, कोल्हा! कोल्ह्याचा राहिला!"

अंगठा पुन्हा 'उघडा'वर. पुन्हा निळा लखलखाट.

मी जमिनीवर बसल्या बसल्या ओरडलो, "सापडलं!" समोर कुणाला वाटलं मीही फोटोबद्दलच बोलतोय. एक बाई म्हणाली, "सापडला ना कोल्हा? मग घ्या पुढे."

आता हे का होतं ते सांगतो. आमची मोटर घरच्या साध्या विजेवर चालणारी. अशा मोटरीला कपॅसिटर लागतो. छताच्या पंख्यालाही असतो. तो वीज साठवून धरतो. 'उघडा' दाबलं की आधी 'बंद'चा रिले सुटायचा, त्याबरोबर इंटरलॉकची कडी निघायची आणि दुसरा रिले लगेच आत यायचा; कडी फक्त रिले बघते, मोटर थांबली का ते बघत नाही. मोटर एका दिशेनं पळत असताना तिला तिथल्या तिथे उलटं फिरवलं की दोन संकटं एकदम येतात. पळती मोटर जुन्या दिशेला ओढत असते, त्यामुळे वीज उसळते. आणि कपॅसिटरमध्ये साठलेली वीज नव्यानं टेकणाऱ्या पॉइंटवर एका क्षणात रिकामी होते. पॉइंट जरासे वितळतात, खरबरीत होतात. त्या दिवशी सुटतातही. पुढे कधीतरी, मध्यंतरात नाहीतर पाहुण्यांच्या भाषणात, चिकटून बसतात. म्हणजे रिले मरायचा एका कार्यक्रमात आणि विषप्रयोग झालेला असायचा आधीच्या कार्यक्रमात. मी मात्र दर वेळी पडदा पूर्ण बंद होऊ द्यायचो, मगच उघडायचो. रिकाम्या थिएटरात पिंकीची आई नव्हती ना.

आणि मला हे कुणी सांगितलं का नाही? लपवायचं म्हणून नाही. पडदा पडता पडता परत उघडणं हे आमच्याकडे इतकं नेहमीचं की ते सांगायची गोष्टच नव्हती. 'बंद केला, उघडला,' या दोन शब्दांच्या मधल्या फटीत सगळा प्रकार होता.

पहिला उपाय सोपा वाटला. अण्णांना समजावलं, "पडदा पूर्ण थांबू द्या. मनात दोन म्हणा. मग दुसरं बटण."

"एवढंच ना? चालशे," अण्णा म्हणाले.

तालमीला ते स्टुलावर बसले, मी समोरून हाक मारली, "अण्णा, थांबा!" आणि त्यांचा अंगठा कधी उडी मारून गेला ते त्यांनाही कळलं नाही. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "मोहन, मी नाही केलं रे. यानं केलं. दोरी होती ना, तेव्हा समोर नुसती हालचाल झाली तरी हा थांबायचा, आणि उलटा ओढायचा. दोरीला माणसं कळायची." मग हळूच म्हणाले, "याला आता कसं शिकवू?"

त्या क्षणी ठरवलं, अण्णांच्या हाताला काही शिकवायचं नाही. शिकायचं ते पॅनल शिकेल. मला जरा वाईटही वाटलं. मी वजन काढून घेतलं होतं आणि वजनाबरोबर काय काय गेलं होतं ते मी पाहिलंच नव्हतं.

रिलेच काढले आणि कारखान्यात वापरतात तसे दणकट कॉन्टॅक्टर लावले. रिलेचाच तो थोरला भाऊ. कपॅसिटरला एक रेझिस्टर जोडला, म्हणजे साठलेली वीज आपली आपण झिरपून जाईल. आणि टायमर घातला: दिशा बदलायची असेल तर आधी मोटर बंद, मग एक श्वास थांबायचं, ती पुरती उभी राहू द्यायची, मगच उलटं फिरवायचं. गॅरेजमध्ये मी ते मुद्दाम छळून पाहिलं. मध्येच उलट, मध्येच सुलट. ठिणगी नाही.

पण गॅरेजवरचा माझा विश्वास आता उडाला होता. रविवारी सकाळी मी हिला आणि तिच्या दोन बहिणींना थिएटरात नेलं. म्हटलं, "पडदा पडायला लागला की ओरडायचं. खरं ओरडायचं."

"तुमच्यासाठी? घरी ओरडते ते फुकटच जातं," ही म्हणाली. पण ओरडली. तिघी ओरडल्या, स्टेजपर्यंत धावल्या. नानाही मागच्या रांगेत येऊन बसले होते. अण्णांनी 'उघडा' दाबलं. पडदा लगेच थांबला. उत्तम. आता एक श्वास. पण अण्णांचा श्वास आणि टायमरचा श्वास जुळेना. पडदा हलत नाही म्हटल्यावर अण्णांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. आणखी जोरात. टकटकटकटक, पोस्टमननं तार आणल्यासारखं. आणि पडदा ढिम्म. प्रत्येक दाबाबरोबर माझा टायमर बिचारा नव्यानं श्वास घ्यायला सुरुवात करत होता. अण्णा थांबेपर्यंत तो थांबणार, आणि अण्णा थांबणार नव्हते.

मागून नानांनी हिला हाक मारली, "सुनंदा, चल. स्वयंपाक राहिलाय."

मी म्हटलं, "नाना, थोडं थांबा."

ते थांबले. मला आठवतंय तसं, माझ्या म्हणण्यावरून ते पहिल्यांदाच थांबले. मी पॅनलसमोर मांडी घातली, वायरी सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. पहिला दाब पॅनलनं लक्षात ठेवायचा, त्यापुढचे कितीही दाब ऐकून सोडून द्यायचे. सुनेनं सासूचं पहिलं वाक्य ऐकावं आणि पुढची नुसती मान डोलवून घालवावीत, तसं. वायरी बांधून झाल्या तोवर बहिणींनी कुठून तरी सेव-उसळ मागवली होती. तोंड पुसून तिघी पुन्हा ओरडल्या. अण्णांनी टकटकटकटक केलं. पडदा थांबला. श्वास घेतला. उघडला. मी पॅनलमध्ये डोकं घालून बसलो होतो: लखलखाट नाही, काटा शांत. पुन्हा. पुन्हा. दुपार झाली, बहिणींचे आवाज बसले, पॉइंट कोरे करकरीत.

नाना उठले. "स्पर्धेला मोटर राहू द्या," एवढंच म्हणाले. दारातून वळून पुढे म्हणाले, "दोरी मागे तयार ठेवा."

स्पर्धेच्या दिवशी थिएटर तुडुंब भरलं होतं. बाहेरगावच्या मंडळांच्या एकांकिका झाल्या, त्यांचे पडदे मुकाट्यानं पडले. त्यांच्या आत्या इथे कुठे होत्या? शेवटची आमची. मी विंगेत, अण्णांच्या स्टुलाशेजारी, पॅनलच्या दारावर हात ठेवून. अण्णांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, तिसऱ्यांदा भडकले.

"तू इथे काय करतोस?"

"तसं काही नाही. काही लागलं तर—"

"काही लागणार नाही. विंगेत गर्दी नको मला. जा, समोर जाऊन बस."

मला पहिल्यांदाच विंगेतून हाकललं गेलं, आणि मी निमूटपणे समोर जाऊन बसलो. जागा एकच रिकामी होती, नानांच्या शेजारची. एकांकिका कशी झाली ते विचारू नका. मी ती पाहिलेली नाही, पडदा पाहिला.

शेवट झाला. टाळ्या. पडदा मिटायला लागला. आणि मागून आवाज आला, "अण्णा, थांबा! फोटो!" अर्धं बडोदं उठून पुढे धावलं. पडदा मध्येच थांबला. नानांचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट झाला. पडदा हलेना. विंगेत टकटकटकटक. मी श्वास घेतला नव्हता, तो टायमरच घेत होता.

पडदा उघडला.

फोटो निघाले. अण्णांनी बंद करायला घेतला, कुणीतरी पुन्हा ओरडलं, पुन्हा थांबला, पुन्हा उघडला. परीक्षक घड्याळ बघायला लागले. एरवी अशा वेळी नाना उठून म्हणायचे, "पुरे आता, शिस्त म्हणून काही असते." नाना उठले. मनगट सोडलं, उपरणं सावरलं, दोन्ही हात तोंडापाशी धरले.

"अण्णा! अजून एकदा!"

सगळं थिएटर वळून बघायला लागलं. पडदा थांबला, दम घेतला आणि उघडला. नाना खाली बसले, चष्मा काढून पुसायला लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसलात काय नुसते? तुम्हीही ओरडा, जावईबापू."

मी ओरडलो.